चुकलेल्या उत्तराचा नय

अनेकांत समजावून सांगायचा म्हटलं की आपल्यातलं कुणीही हत्तीची गोष्ट काढतं. एका आंधळ्याला सोंड सापडली, दुसऱ्याला पाय, तिसऱ्याला शेपटी. गोष्ट संपली की सगळ्यांनी माना हलवायच्या, "ज्याच्या त्याच्या परीनं सगळ्यांचंच खरं" असं म्हणायचं आणि चटया गोळा करायच्या. आमच्या स्वाध्याय मंडळात वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे. गेल्या चातुर्मासात मात्र चटया गोळा व्हायला उशीर झाला, आणि त्याला कारण झालं नववीचं गणित.

प्रश्न दिसायला साधा होता. मुलाचं उत्तर चुकलं आहे हे बाईंना दिसत होतं. त्यांनी ते लगेच सांगितलं नाही. हे असत्य झालं का?

मंडळातल्या एकीची भाची बेळगावातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवते. मला काकू म्हणते, घरी येणंजाणं आहे. आणि मंडळातल्याच एका अक्कांचा नातू तिच्या वर्गात. त्यामुळे जे झालं ते मला दोन्हीकडून ऐकायला मिळालं.

गेल्या वर्षीपासून तिनं शिकवायची पद्धत बदलली होती. फळ्यावर बाईंनी एक गणित सोडवून दाखवायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं, मग तसलीच दहा घरी, हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा क्रम. तिनं तो उलटा केला. गणित आधी मुलांपुढं टाकायचं. कुणीतरी फळ्याजवळ येऊन आपल्या रीतीनं करायचं. बरोबर की चूक हे बाईंनी सांगायचं नाही, वर्गानं शोधायचं. यात जगावेगळं काही नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं गणिताच्या भीतीचा विषय काढला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मुलांना विचार करू द्या, विचार करू द्या असं सगळेच म्हणतात. म्हणणं सोपं असतं. चाळीस मुलांपुढं वीस मिनिटं गप्प उभं राहणं सोपं नसतं, तिथं बाईंचाच घसा कोरडा पडतो.

बीजगणितात अक्षरांचे अपूर्णांक मिळवताना मुलं एकच चूक पुन्हा पुन्हा करत होती, म्हणून ती एक दिवस मुद्दाम मागं आली, अगदी पाचवीच्या गणितावर. फळ्यावर लिहिलं, १/२ + १/३. अक्कांचा नातू उठला आणि त्यानं उत्तर लिहिलं, २/५. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं.

तिनं हसणाऱ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "आधी अर्धी भाकरी खाल्ली, मग एक तृतीयांश खाल्ली. एकूण अर्ध्यापेक्षा जास्त खाल्ली की कमी?" जास्त, सगळे म्हणाले. "आणि दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" आता वर्ग थांबला. एका मुलीनं वहीत भाकरीचे दहा तुकडे केले. अर्धी म्हणजे पाच तुकडे, दोन पंचमांश म्हणजे चारच. म्हणजे खाल्ली जास्त आणि उत्तर आलं कमी! कुठंतरी पाणी मुरतंय हे सगळ्यांना कळलं. तेव्हा फळ्याजवळ उभा असलेला तो मुलगा म्हणाला, "पण बाई, मार्क असेच मिळवतात की."

ती म्हणाली, "काकू, मी बारा वर्षं शिकवते. ही चूक शेकडो वह्यांत लाल शाईनं कापली. ती कुठून येते ते त्या दिवशी कळलं."

मुलाचं म्हणणं बघा. एका चाचणीत दोनपैकी एक मार्क, दुसऱ्या चाचणीत तीनपैकी एक. एकूण किती? पाचपैकी दोन. मास्तर स्वतःच तसं लिहितात, प्रगतिपुस्तकात तसंच येतं. पोरानं मार्कांचा नियम उचलून भाकरीला लावला. मार्कांत 'पैकी' बदलत जातं, दोनाचं पाच होतं. भाकरीत 'पैकी' एकच असते, ती एक भाकरी. हा फरक त्याला कुणी कधी दाखवला नव्हता, कारण उत्तर २/५ दिसलं की लगेच काट मारली जायची. पुढच्या दहा मिनिटांत वर्गानं सहा तुकड्यांची भाकरी केली, तीन आणि दोन मिळवले, ५/६ आले.

घरी मात्र वेगळीच हकीकत पोचली. "बाईंनी मला वीस मिनिटं फळ्याजवळ उभं केलं आणि चूक आहे ते सांगितलंच नाही." वडील दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडं. त्यांचं दुकान आहे, त्यांचा हिशेब चोख. ते म्हणाले, "पेपर तपासणारा काय विचार केला ते बघणार नाही, उत्तर बघणार. तुमचे प्रयोग तुम्ही करा, पोराची एसएसएलसी एकदाच येते." त्यांना कुणी अडाणी म्हणू नये. ऐंशी मार्कांचा लेखी पेपर त्यांच्या मुलाला द्यायचा आहे. प्रयोग फसला तर बाई पुढच्या वर्षी दुसरा करतील. मुलाला नववी परत मिळणार नाही.

मंडळात विषय काढला तो अक्कांनी. त्या अणुव्रतं घेतलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, बोलायला रोखठोक. म्हणाल्या, "मी दुकानात बसत होते तेव्हा गिऱ्हाईक चुकून जास्तीचे पैसे देऊन गेलं तर हाक मारून परत द्यायचे. वीस मिनिटं थांबून 'हे पैसे कसे आले असतील बरं' असं विचारत बसायचे होय? चूक ती चूक. माहीत असून न सांगणं हे असत्यच."

भाचीची बाजू घ्यायला तिची मावशी उठली आणि तिनं आपलं ठरलेलं उत्तर दिलं. "अहो, अनेकांत आहे हा. मुलाच्या दृष्टीनं त्याचं बरोबर, बाईंच्या दृष्टीनं बाईंचं."

खरं सांगते, मला अक्कांच्या आरोपापेक्षा हे समर्थन जास्त खटकलं. भाकरीचे दोन पंचमांश मुलाच्या दृष्टीनंही बरोबर नाहीत. त्यालाही भूक लागते, त्यालाही अर्ध्यापेक्षा जास्त आणि कमी कळतं. अनेकांताचा असा वापर करून आपण त्याचं पोतेरं केलं आहे. दोन सुनांचं भांडण असो की दोन उत्तरांचं, मधे अनेकांत पसरला की कुणाला काही ठरवायला नको. 'स्यात्' या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा नाही, हे आपण दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी विसरतो. अमुक एका अपेक्षेनं, असा त्याचा अर्थ. आणि ती अपेक्षा कोणती, हे सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. २/५ हे उत्तर मार्कांच्या अपेक्षेनं खरं, भाकरीच्या अपेक्षेनं खोटं. दोन्ही वाक्यं पक्की आहेत, त्यात 'असेलही, नसेलही' असं काही नाही. उलट नुसतं 'चूक' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी जास्त नेमकं आहे. एक नय आपल्या जागेवर असला तर तो नय; आपली जागा सोडून सगळीकडं मीच म्हणायला लागला की दुर्नय. त्या पोराच्या हातून एवढंच झालं होतं, मार्कांचा नय भाकरीच्या घरात शिरला होता.

म्हणजे बाई मुलाला खोटं सांगत नव्हती. पण अक्कांचा मुद्दा त्यानं सुटत नाही. त्यांचा मुद्दा खोटं सांगण्याचा नव्हता, खरं न सांगण्याचा होता.

इथं मला तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाचा आधार वाटतो. असत्याची उमास्वामींनी केलेली व्याख्या आपल्याला पाठ आहे. तिच्यावर सर्वार्थसिद्धीत पूज्यपाद आचार्य काय म्हणतात ते आपण सहसा वाचत नाही. त्यांच्या मते ज्या बोलण्यानं जिवाला पीडा होते ते 'असत्', मग त्यातली गोष्ट खरी असो वा नसो. खरेपणा नुसता वस्तूत नसतो, बोलण्याच्या परिणामातही असतो. शिवाय प्रमाद हवा, कषाय हवा, तरच दोष. जास्तीचे पैसे गल्ल्यात टाकून गप्प बसणाऱ्याला लोभ असतो, गिऱ्हाईक अज्ञानात राहावं यात त्याचा फायदा असतो. बाईंचा कसला फायदा? तास संपायच्या आत मुलानं खऱ्यापर्यंत पोचावं म्हणूनच ती गप्प होती. आणि गिऱ्हाईकाचे पैसे हातावर ठेवले की त्याचं त्याला मिळालं. मुलाच्या हातावर ५/६ ठेवले तर त्याला काय मिळालं? उद्या १/४ आणि १/५ आले की तो पुन्हा वर वर, खाली खाली.

एक अट मात्र मी घालीन, आणि भाचीलाही ती मान्य आहे. तास संपेपर्यंत वर्ग पोचलाच नाही, तर बाईंनी स्पष्ट सांगितलं पाहिजे. चुकीचं उत्तर डोक्यात घेऊन मुलानं घरी जायचं आणि बाईंनी 'शोधू दे त्याला' म्हणून समाधान मानायचं, तिथं अक्कांचं म्हणणं शंभर टक्के लागू. काही नवशिके उत्साही शिक्षक हे करतात असं ती म्हणते. शोध लागला नाही तरी शोधाचा आनंद झाला, वगैरे. आनंद बाईंना झालेला असतो.

अक्कांच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी अर्धवट ऐकली, ती म्हणजे वीस मिनिटं. 'चूक' हा शब्द टोचतो म्हणून तो टाळला, पण न बोलणंही टोचत असेल तर? भाचीलाच एका मुलीनं हे सांगितलं. "बाई, आधी बरोबर की चूक तेवढं सांगा. मग पोटातला गोळा जातो, मग पुढचं ऐकू येतं." हे ऐकून ती दोन दिवस अस्वस्थ होती. मारणं गेलं, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, पण पोटातल्या गोळ्याला कायदा कुठून कळणार?

मग तिनं फळ्याजवळ बोलावणं बंद केलं. आता ती प्रत्येकाला कागदाचा कपटा देते, नाव घालायचं नाही. पाच मिनिटांत गणित करून कपटे गोळा. ते चाळायचे आणि ज्यात विचार सगळ्यात जास्त आहे असं चुकलेलं उत्तर निवडायचं. ते ती स्वतःच्या अक्षरात फळ्यावर लिहिते, म्हणजे कुणाचं ते कळू नये. सुरुवातीलाच सांगते, हे उत्तर चुकलेलं आहे. त्यामुळे अक्कांचं सत्य सांभाळलं जातं, पोटातला गोळाही जातो. मग पहिला प्रश्न, "यात बरोबर काय आहे?" आणि नंतर, "वाट कुठं फुटली?" कधी कधी ज्याचं उत्तर असतं तोच आपणहून हात वर करून म्हणतो, "बाई, ते माझं." हे तिच्या पूर्वीच्या पद्धतीत कधी झालं नव्हतं.

सत्यव्रत टिकावं म्हणून ज्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्या मला तिच्या वर्गात एकेक करून दिसल्या. क्रोध सोडायचा, लोभ सोडायचा, भय सोडायचं, हास्य सोडायचं, आणि विचार करून बोलायचं. क्रोधाचं काही नवीन नाही, गणिताच्या मास्तरांचा राग आपण सगळ्यांनी पाहिला आहे. लोभ म्हणजे शंभर टक्के निकालाचा बोर्ड. भय बाईंनाच जास्त, पोर्शन संपायचं. पण हास्य? लहानपणापासून मला कळायचं नाही की खरं बोलण्याच्या व्रतात हसणं कुठून आलं. थट्टेत माणूस खोटं बोलतो म्हणून, असं आम्हाला सांगायचे. असेलही. वर्गात त्याचा दुसरा अर्थ लागतो. चुकलेल्या उत्तराला एकदा चाळीस जण हसले की त्यानंतर त्या वर्गात खरं कुणी बोलत नाही. ज्याला येत नाही तो येतं म्हणतो. "कळलं का?" "होsss." आयुष्यातलं पहिलं खोटं बरीच मुलं गणिताच्या तासालाच बोलत असावीत. माझा बी.ए.चा विषय मराठी, पण हा 'हो' मला चांगला ओळखीचा आहे.

हेडमास्तरांनी शेवटी तोडगा काढला. नववीला आठवड्यातून एक तास कपट्यांचा, दहावीला जुन्या पद्धतीनं. भाचीला हे पुरेसं वाटत नाही, मुलाच्या वडिलांना तो एक तासही जास्त वाटतो. मला तोडगा ठीक वाटतो. हुशार मुलांचाही विचार करायला हवा, त्यातली काही दुसऱ्याची चूक बघत बसायला कंटाळतात, आणि त्यांचा वेळही कुणाच्या मालकीचा नाही.

याच कपट्यांच्या तासात शून्याचं प्रकरण झालं. नववीच्या पहिल्या धड्यात परिमेय संख्येची व्याख्या येते आणि तिथं अट असते की छेद शून्य नसावा. का नसावा? तिनं कपट्यांवर विचारलं, ६ ÷ ० किती? काहींनी शून्य लिहिलं, काहींनी अनंत, आणि बऱ्याच जणांनी सहा. सहावाल्यांचं कारण असं की सहा केळी आहेत, वाटून घ्यायला कुणीच नाही, मग सहाच राहणार. मग भागाकाराचा ताळा करून बघितला. उत्तराला शून्यानं गुणलं की सहा यायला हवेत, आणि कुठल्याही संख्येला शून्यानं गुणलं तरी शून्यच येतं. म्हणजे चालणारी संख्याच नाही. म्हणून ती अट.

तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी आत जाऊन कपाटातून गणितसारसंग्रह काढून आणला. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं १९६३ साली हिंदी अनुवादासह काढलेली प्रत. महावीराचार्य नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळचे, दिगंबर आम्नायाचे, आपल्याच कन्नड मुलखातले. आपल्या कार्यक्रमांत त्यांचं नाव अभिमानानं घेतलं जातं आणि घ्यावंच. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचा लघुतम साधारण विभाज्य काढायची रीत त्यांनी दिली, त्याला त्यांचा शब्द 'निरुद्ध'. अक्कांच्या नातवाला फळ्याजवळ जे हवं होतं नेमकं तेच. आणि त्याच ग्रंथात ते लिहितात की संख्येला शून्यानं भागलं तर ती तशीच राहते. केळीवाल्या पोरांचं उत्तर!

पुढं बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला खहर म्हटलं आणि ती अनंत मानली. आज शाळेत तेही शिकवत नाहीत, शून्यानं भागता येत नाही एवढंच सांगतात. (मंडळात एकीनं लगेच 'म्हणजे अवक्तव्य!' असं म्हटलं. मलाही क्षणभर मोह झाला होता. पण ती ओढाताण आहे. सप्तभंगीतलं अवक्तव्य वेगळं, गणितातली ही मनाई वेगळी. आपलं सगळ्यात आधीच सांगून ठेवलेलं होतं म्हणायची घाई आपण जरा कमी केली तर आचार्यांचं काही बिघडणार नाही.)

भाचीचं म्हणणं, पुढच्या जूनमध्ये नववीला हे उत्तर ती कपट्यातून आल्यासारखं फळ्यावर लिहिणार. यात बरोबर काय, वाट कुठं फुटली, हे मुलांना शोधू देणार. आणि मग सांगणार की हे उत्तर कुणाचं आहे.

यावर मंडळात पुन्हा वाद. दोघीतिघींना हे अजिबात पसंत नाही. आचार्यांची चूक मुलांपुढं, तीही फळ्यावर, तीही आपल्याच मुलीनं? आधीच लोकांना आपल्याविषयी किती ठाऊक असतं? मी म्हटलं, ज्या माणसानं निरुद्ध दिलं त्याच माणसाचं शून्य चुकलं, हे एकाच तासात मुलांना दिसलं तर त्यांच्या मनात आचार्य लहान होतील असं मला वाटत नाही. केळी उरतात हे त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतंच. वाटायला कुणी नसणं म्हणजे न वाटणं, त्याला भागाकार म्हणता येत नाही, एवढीच वाट फुटली होती. हे आचार्यांविषयी आपण आदरानं बोलू शकतो. मग चौदा वर्षांच्या पोराविषयी बोलताना आपल्याला 'गाढवा' का आठवतं?

अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लिहू दे तिला. पण नाव खाली लिहायच्या आधी त्या निरुद्धाचं गणित करून घे म्हणावं. माझ्या नातवालाही कळू दे."

नातू आता दहावीत आहे. त्याच्या वर्गात कपटे नसतात, सराव चाचण्या असतात. वडील दर शनिवारी वही तपासतात आणि अजूनही म्हणतात की त्या बाईंमुळे त्यांचं पोर प्रत्येक उत्तराला "कसं काय?" विचारायला शिकलं आहे, दुकानातल्या बिलालासुद्धा. तक्रारीच्याच सुरात म्हणतात. गणितसारसंग्रह भाचीकडं आहे, शून्याच्या पानात खूण म्हणून एक कोरा कपटा घातलेला.